आमच्या पऱ्यातून वर्षाला किती गाळ वाहतो – एका पावसाळ्याच्या नोंदी

१८ मे

आधी हे कशाला चाललंय ते सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूण भागात गाळ हा शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडी आहे. वाशिष्ठीतला गाळ काढला, शिवनदीतला काढला, आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या पऱ्यातलाही (पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा) पोकलेन लावून काढला. यंदा एप्रिलमध्ये बघितलं तर काढलेल्यातला बराचसा परत येऊन बसलाय. ग्रामसभेत विषय निघाला की वर्षाला येतो तरी किती, तर एक जण म्हणाला ३०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), दुसरा म्हणाला ३,०००, आणि दोघांकडेही मोजलेलं काहीच नव्हतं. त्याच रात्री ठरवलं की एक पावसाळा नीट मोजायचं. मी, मामेभाऊ आणि शेजारची दोन कॉलेजची पोरं. आणखी कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

वाशिष्ठीवर का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. तिच्यात पोफळीकडून कोयनेचं अवजल, वीज तयार करून सोडलेलं पाणी, येतं, म्हणजे डोंगरात पाऊस नसताना नुसती वीजनिर्मिती चालू असली तरी पाणी वाढतं, आणि ते धरणात निवळून आलेलं असतं. पाणी वाढलं पण गाळ वाढला नाही अशा वेळी पाण्यावरून गाळाचा अंदाज बांधायचा कसा? शिवाय खाली भरती-ओहोटीचा परिणाम पार चिपळूणपर्यंत येतो. आमच्या पऱ्यावर धरण नाही, अवजल नाही, उधाण नाही. पाणलोट नकाशावर मोजला तर साधारण ९ चौरस किलोमीटर भरला, आणि अंगावरून वाहनं जात नाहीत असा १४ मीटरचा साकव आहे.

२४ मे

पऱ्या जवळजवळ कोरडा आहे तोवर साकवाखालचा छेद, म्हणजे पऱ्याचा आडवा आकार, मोजून घेतला. दोरी ताणली, दर मीटरला काठीने खोली घेतली, वहीत उतरवली, तीन तास गेले. मग मधल्या खांबावर ऑइलपेंटने सेंटीमीटरच्या खुणा केल्या. पेंट, ब्रश, टेप मिळून ६४० रुपये.

पोकलेनने गेल्या वर्षी केलेला एक खड्डा साकवाच्या वर ४० मीटरवर आहे, तो या वर्षी मुद्दाम उकरून साफ करून घेतला. ३० मीटर लांब, ८ रुंद, १.२ खोल, म्हणजे २८८ घनमीटर. तळावरून घरंगळत येणारी वाळू-खडी बाटलीत येत नाही, ती या खड्ड्यात पकडायची असा बेत.

९ जून

पहिलं लाल पाणी आलं. बादली दोरीने सोडून नमुना घेतला, एक लिटरच्या बाटलीत भरला. पाणी चहासारखं. वेग मोजायला असोला नारळ टाकला, तो निम्मा बुडून तरंगतो त्यामुळे वाऱ्याने फारसा ढकलला जात नाही. २० मीटर अंतर, स्टॉपवॉच, आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं. एवढं जमलं.

१५ जून

खुणा गेल्या. जांभ्याचा खांब मे महिन्यातही आतून ओलसर असतो, पेंट धरलाच नाही, पहिल्या दणक्यात पापुद्रे निघून गेले. चार दिवसांच्या पाण्याच्या पातळ्या अंदाजे लिहिल्यात, त्या हिशेबात धरणार नाही. आता ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर पंचने खुणा ठोकून ती रॉलप्लग आणि स्क्रूने खांबाला बसवली. ८८० रुपये. हे पहिल्याच दिवशी करा, पेंटच्या नादी लागू नका.

२१ जून

आज बाटल्या तोलायला बसलो आणि सगळा आठवडा वाया गेल्याचं कळलं, हे सविस्तर लिहितो कारण इथेच सगळ्यांचं फसणार आहे.

पाणी फिल्टर पेपरमधून गाळायचं, पेपर वाळवायचा, तोलायचा, कोऱ्या पेपरचं वजन वजा करायचं. ऐकायला सोपं. आमच्याकडे ओळखीच्या सोनाराकडून आणलेला ०.०१ ग्रॅमचा काटा होता. लिटरमागे १०० मिलिग्रॅम गाळ असलेलं अर्धा लिटर पाणी गाळलं तर पेपरवर ०.०५ ग्रॅम गाळ राहतो. काट्याचं एक घर इकडेतिकडे झालं तरी २० टक्क्यांची चूक. बरं तेही चाललं असतं, पण पेपर ओव्हनमधून काढून काट्यावर ठेवला आणि आकडा चढायला लागला. ०.९४, ०.९५, मिनिटाभराने ०.९६, चहा पिऊन येईपर्यंत ०.९८. पेपर हवेतली ओल पितोय! जूनच्या कोकणातली हवा, खिडकी उघडी, कागद तो पिणारच. म्हणजे पेपरने प्यायलेलं पाणी आणि आम्हाला तोलायचा गाळ दोन्ही जवळपास सारखेच. त्या आठवड्याच्या सगळ्या बाटल्यांची वजनं रद्द केली.

आणखी एक. गाळ लवकर बसावा म्हणून भावाने बारा बाटल्यांत तुरटी फिरवली होती, घरी पाण्याला करतो तशी. तुरटीने गाळ बसतो खरा पण तिचा स्वतःचा साका त्यात मिसळतो आणि वजन वाढतं. त्या बाराही गेल्या.

२८ जून

ओळखीच्या एका प्राध्यापकांनी कॉलेजच्या लॅबमधला मिलिग्रॅमचा काटा शनिवारी वापरायला दिला. कागदाऐवजी ग्लास फायबरचे फिल्टर घेतले, ते ओल कमी पितात आणि जांभ्याची बारीक लाल मातीही अडवतात, साध्या पेपरमधून ती खाली उतरत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. १०० चा डबा ४,२०० रुपये, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा खर्च. १०५ अंशाला वाळवायचं, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलवर गार करायचं, आणि डबा उघडल्यापासून तीस सेकंदांत आकडा लिहायचा. तीन कोरे फिल्टर दर वेळी सोबत तोलतो, त्यांचं वजन बदललं तर त्या दिवशी काहीतरी चुकलंय असं समजायचं.

३० जून

बादलीवरचा विश्वास आज उडाला. केंद्रीय जल आयोगाचे लोक नमुना घेतात तो वरून नाही, ०.६ खोलीवरून, आणि गाळाचे तीन भाग करतात, ०.२ मिलिमीटरपेक्षा जाड, ०.०७५ ते ०.२ मधला, आणि त्याहून बारीक. जाड असेल तो तळाकडे चालतो, बादलीत येतच नाही. म्हणून एक जुगाड केला: लोखंडी सळईला बाटली बांधली, बुचाला दोन नळ्या, एक पुढे तोंड करून पाणी घ्यायला, एक मागे वळवून हवा जायला. एकाच वेगाने तळापर्यंत न्यायची आणि त्याच वेगाने वर आणायची, काठोकाठ भरू द्यायची नाही. पूर्ण भरली की नंतरचं पाणी आत घुसळत राहतं आणि जड कण मागे साठतात.

एकाच वेळी दोन्हीने घेतलं. बादली: लिटरला ३८० मिलिग्रॅम. सळईची बाटली: ५६०. मागच्या तीन आठवड्यांचे सगळे बादलीचे आकडे कमी आहेत, आणि त्यांना एका ठरावीक गुणकाने वाढवताही येत नाही कारण पाण्याचा जोर जसा तशी वाळू वर उचलली जाते.

मग त्याच जागी, पाठोपाठ, दोन मिनिटांच्या आत तीन बाटल्या भरल्या. ५२०, ५९०, ४८०. पाणी तेच, जागा तीच, माणूस तोच. तेव्हापासून वहीत एका बाटलीचा आकडा लिहिताना शेजारी १० टक्के कमी-जास्त लिहितो.

६ जुलै

रात्रीचा लोंढा चुकतो ही मोठी अडचण. सकाळी आठला जाऊन बाटली भरायची तर पऱ्या तोवर उतरलेला असतो, आमच्याकडे पाणी चार तासांत चढतं आणि उतरतं. म्हणून खांबाला चार बाटल्या कायमच्या बांधल्या, ०.८, १.२, १.६ आणि २ मीटरवर, प्रत्येकीला उलट्या यू आकाराच्या दोन नळ्या. पाणी तिथवर चढलं की बाटली आपोआप भरते आणि मग बंद होते. चारही मिळून ७०० रुपये आणि एक रविवार. फक्त लक्षात ठेवा, या बाटल्या पाणी चढतानाचाच नमुना देतात, उतरतानाचा नाही.

१९ जुलै

काल रात्री झालं. झोपेत कोणालाच कळलं नाही, वरच्या वाडीतल्या काकी दोनच्या सुमारास गोठ्यात पाणी शिरतंय म्हणून गुरं सोडायला उठल्या तेव्हा पऱ्या साकवाला लागत होता असं म्हणाल्या. सकाळी साडेसहाला गेलो, खांबावर चिखलाची रेघ २.२ मीटरवर, पाणी ०.९ वर उतरलेलं.

बाटल्या: ०.८ वरची १,२४० मिलिग्रॅम, १.२ वरची २,०५०, १.६ वरची रिकामी (नळीत ऐनाचं पान अडकलं होतं), २ वरची २,९००. सकाळी हाताने घेतलेली ४६०.

आता हिशेब बघा. पाच तासांत सरासरी ४० क्युमेक धरलं, म्हणजे सेकंदाला ४० घनमीटर, तर ७ लाख २० हजार घनमीटर पाणी गेलं. त्यात सरासरी गाळ किती? उतरत्या पाण्याचं आमच्याकडे सकाळच्या एका बाटलीशिवाय काहीच नाही. लिटरला ९०० मिलिग्रॅम धरले तर ६५० टन, ३,००० धरले तर २,१५० टन. एका रात्रीच्या आकड्यात तिपटीहून जास्त फरक, आणि दोन्ही टोकं माझ्याच बाटल्यांच्या जोरावर उभी करता येतात. मला दिवसभर याचा त्रास होत होता.

२१ जुलै

पाणी उतरल्यावर छेद परत मोजला. डाव्या बाजूला तळ ३५ सेंटीमीटर खरवडून गेलाय, उजवीकडे खडी २० सेंटीमीटर चढलीय. म्हणजे मेमधल्या छेदावर काढलेला १८ तारखेनंतरचा प्रवाह चुकीचा, एक मीटर पातळीला साधारण ८ टक्के कमी. आणि पूर चालू असताना तळ किती खाली गेला होता ते कधीच कळणार नाही, कारण उतरताना तो परत थोडा भरतो.

नारळाचंही बदललं. आम्ही मधोमध टाकत होतो, तिथे धार सगळ्यात जोराची, त्यामुळे वेग जास्त येत होता. आता तीन पट्ट्यांत टाकतो, डावी, मधली, उजवी.

२७ जुलै

वरचा खड्डा काठोकाठ भरला. ही वाईट बातमी आहे, कारण भरल्यानंतर आलेली वाळू-खडी त्याच्यावरून पुढे जाणार. आता २८८ घनमीटर हे 'निदान इतकं' एवढंच सांगतं. ब्रासमध्ये १०० च्या थोडं वर. खड्डा दुप्पट हवा होता.

२ ऑगस्ट

या हंगामातला सगळ्यात चांगला दिवस. दुपारी दीडला पाऊस धरला, आम्ही चौघंही घरी, दोरीला कमरेचे पट्टे बांधून साकवावर उभे राहिलो आणि दर वीस मिनिटांनी बाटली घेतली, अकरा झाल्या.

पाणी चढताना १.१० मीटरला: १,६८० मिलिग्रॅम. पाणी उतरताना त्याच १.१० मीटरला: ५४०.

पट्टी तीच, प्रवाह जवळजवळ तोच, गाळ तिपटीहून जास्त वेगळा. कारण डोळ्यांनी दिसत होतं, पहिल्या अर्ध्या तासात वाटेवरची माती, बांधकामाचा मुरूम, काठावरची सैल वाळू सगळं धुऊन येतं, नंतर पाणी भरपूर पण धुवायला राहिलेलंच नसतं. बाटल्या एका ओळीत खिडकीत ठेवल्या होत्या, तिसरी विटेच्या रंगाची, आठवी ताकासारखी. आईने विचारलं, एकाच पऱ्याचं पाणी आहे ना?

२० ऑगस्ट

पाणी कमी होतं म्हणून पऱ्याच्या काठाने वर चालत गेलो. साकवापासून २०० मीटरवर गेल्या वर्षी काढलेल्या गाळाचा ढीग काठालाच टाकलेला आहे, तिथून उचललाच नाही कोणी. पऱ्याच्या बाजूने तो उभा कापला गेलाय, कापलेल्या भिंतीत गेल्या वर्षीच्या प्लास्टिकच्या पिशव्या लोंबतायत, आणि खाली नुकतीच घसरलेली ओली वाळू. टेपने मोजलं: नोंदीप्रमाणे १२० ब्रास टाकला होता, आता अंदाजे ७० उरलाय. म्हणजे ५० ब्रास, दोनशे टनांच्या आतबाहेर, परत पऱ्यात गेला आणि आमच्या बाटल्यांत व खड्ड्यात 'नवा गाळ' म्हणून मोजला गेला. गाळ काढायला पैसे घालायचे आणि तो काठावरच ठेवायचा हे मला खरंच पटत नाही, ग्रामसभेत हे फोटो दाखवणार आहे.

२२ सप्टेंबर

कॉम्प्युटरवर बसलो. जिथे बाटली नाही त्या वेळांसाठी प्रवाहावरून गाळ काढायचा, त्यासाठी दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन रेघ मारायची ही नेहमीची पद्धत. आधी सोप्यात सोपं करून बघितलं, रोज सकाळी आठचा नमुना गुणिले दिवसाचा प्रवाह: हंगामाचे १,४०० टन. मग रेघ वापरून, तासातासाच्या प्रवाहाने: २,३०० टन.

इथे एक गोष्ट मला माहीत नव्हती, प्राध्यापकांनी सांगितली. लॉगमध्ये रेघ मारून आकडा परत उलटा केला की येतो तो मधला आकडा, सरासरी नाही, आणि गाळाच्या बाबतीत सरासरी नेहमी त्याच्या वर असते कारण थोडे आकडे प्रचंड मोठे असतात. रॉब फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये दाखवलंय की या एका कारणाने नदीचा गाळ निम्म्यापर्यंत कमी धरला जाऊ शकतो. त्यावर डुआन यांनी १९८३ मध्ये दिलेला सोपा उपाय आहे, प्रत्येक बिंदू रेघेपासून किती हटलाय ते लॉगमधून उलटं करून त्यांची सरासरी घ्यायची आणि तिने गुणायचं. आमचा गुणक १.४ आला. म्हणजे ३,२०० टन.

एकच पऱ्या, एकच पावसाळा, त्याच बाटल्या, आणि १,४०० पासून ३,२०० पर्यंत आकडे.

१२ ऑक्टोबर

चढतीची आणि उतरतीची रेघ वेगळी केली. १८ जुलैची रात्र दोन्ही टोकांनी धरली. छेदातला फरक, नारळाचा गुणक ०.८ ते ०.९, बाटलीचे १० टक्के, सगळं एकेक करून हलवून बघितलं. तरंगता गाळ २,८०० ते ५,६०० टन, त्यातल्या त्यात ४,००० च्या आसपास. सगळ्यात जास्त ओढाताण करते ती ती एक रात्र आणि चढती-उतरती. काटा, फिल्टर, ज्यावर मी जूनभर जीव काढला, त्यांचा वाटा आता त्यामानाने किरकोळ आहे. पुन्हा केलं तर जूनमधला वेळ आणि पैसा रात्रीच्या उतरत्या पाण्याचे नमुने घेण्यावर घालेन.

हे फक्त आमच्यासारख्या हौशींचं होतं असं नाही. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात वर्षाला किती तरंगता गाळ नेतात याचा मिलिमन आणि मीड यांचा १९८३ चा अंदाज साडेतेरा अब्ज टन होता, आणि १९९२ मध्ये त्याच मिलिमन यांनी सिवित्स्की यांच्यासोबत तो सुमारे २० अब्ज टन केला. वाढण्याचं मोठं कारण डोंगरातून थेट समुद्राकडे धावणाऱ्या लहान नद्या, ज्या आधी नीट धरल्याच गेल्या नव्हत्या. सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या नद्या याच जातीच्या, हे वाचून मी परत एकदा सगळी वही पहिल्यापासून तपासली.

२६ ऑक्टोबर

टनांचे ब्रास करताना परत घोळ. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, इथवर ठीक. पण एका घनमीटरमध्ये किती टन? पत्र्याच्या चौकोनी डब्यात खड्ड्यातला गाळ दाबून भरला, वाळवून तोलला. मधली वाळू १.५ टन, कडेची मऊ चिखलाची माती १.१. मी १.३ धरलं, म्हणजे ब्रासला ३.६८ टन. ४,००० टनांचे १,०९० ब्रास, आणि पट्टा ७६० ते १,५२०. डंपरमध्ये सैल भरलेला ब्रास आणि पऱ्यात बसलेला ब्रास हेही एक नाहीत, सैल मातीला जागा जास्त लागते, तेव्हा बिलातले ब्रास आणि माझे ब्रास थेट लावून बघू नका.

आणि हे वाहून गेलेले ब्रास आहेत, बसलेले नव्हेत. बारीक लाल माती आमच्या गावात थांबतच नाही, ती थेट वाशिष्ठीत आणि पुढे दाभोळच्या खाडीकडे जाते. गावात बसतो तो जाड भाग, त्याचं मोजमाप फक्त खड्ड्याचं, निदान १०० ब्रास.

३ नोव्हेंबर

ग्रामसभेत सांगितलं. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न, 'ते सगळं सोड, एकच आकडा सांग, इस्टिमेटमध्ये लिहायला.' मी एकच आकडा दिला नाही. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: साकवाखालून जाणारा तरंगता गाळ, ७६० ते १,५२० ब्रास, गावात अडकणारा जाड, १०० पेक्षा नक्की जास्त, किती जास्त ते पुढच्या वर्षी. मग काठावरच्या ढिगाचे फोटो दाखवले, आणि खरं सांगायचं तर सभेत सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली. यंदा काढलेला गाळ पूररेषेच्या बाहेर टाकायचा असा ठराव लिहून घेतला.

आतापर्यंतचा खर्च ११,३०० रुपये, त्यात कॉलेजला जायचं पेट्रोल धरलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

पऱ्यात गुडघाभर पाणी. खड्डा परत उकरला, या वेळी ४० मीटर लांब, ९ रुंद, १.७ खोल, चारही कोपऱ्यांना सळया ठोकून ठेवल्यात म्हणजे पुढच्या मेमध्ये मोजताना कड शोधायला लागणार नाही. छेद परत घेतला. खांबावरच्या चार बाटल्या काढल्या, धुतल्या, नळ्यांच्या तोंडाला पानं अडू नयेत म्हणून बारीक जाळी बसवली. उतरत्या पाण्यासाठी एक छोटा पंप आणि टायमर लावून दर अर्ध्या तासाला बाटली भरणारं काहीतरी जमतंय का हे भाऊ बघतोय, जुन्या वॉशिंग मशीनचा पंप मिळालाय, १२ व्होल्टवर चालत नाही म्हणून दुसरा शोधतोय.